खेडीकर डॉक्टरांच्या राण्या

डॉ. मधुकर खेडीकर माणसाला नावाने हाक मारत नसत, चष्म्याच्या नंबराने मारत. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीला, कमानिया गेटच्या ऐन गर्दीत त्यांचा खर्जातला आवाज यायचा, "काय बे मायनस चार, इकडं कुठं?" आणि तो मायनस चार, मग बँकेचा मॅनेजर का असेना, खूश होऊन वळायचा. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना आपला नंबर पाठ आहे म्हणजे आपण त्यांच्या घरचेच, असं जबलपुरातल्या आम्हा मराठी लोकांना वाटायचं. मी 'प्लस दोन' होतो आणि त्या पदवीचा मला अभिमान होता. चष्म्याच्या पलीकडे माणूसही असतो याच्याशी या गृहस्थाला काही देणंघेणं नाही, हे समजायला मला म्हातारपण यावं लागलं.

आमच्या मराठी मंडळात सगळे त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणत. मी बरोबरीचा, म्हणून 'मध्या' म्हणायचो. इथेही तसंच लिहितो. तो गेल्यावर मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्याच्यावर 'दोन भावपूर्ण पानं' लिहून द्या, असा मला निरोप आला. चाळीस वर्षांची मैत्री, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, वगैरे. ही पानं ते छापतील असं वाटत नाही. पण या माणसाबद्दल खोटं बोलायचं काम मी बरीच वर्षं बिनपगारी केलं आहे. खरं बोलायचं कामही तसंच करून टाकतो.

नेपियर टाउनमध्ये त्याचा दवाखाना होता. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोरच्या भिंतीवर कुठल्याशा मंत्र्याकडून शाल घेतानाचा त्याचा स्वतःचा फोटो. फोटो तक्त्यापेक्षा मोठा होता. टेबलाच्या एकाच खणात डोळ्यांत घालायची औषधं आणि लग्नाच्या मुलामुलींची परिचयपत्रं असायची, कारण रविवारी दवाखाना बंद ठेवून त्याच खोलीत तो मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र चालवायचा. मी तिथला चिटणीस. आठवडाभर डिफेन्सच्या फॅक्टरीत हिशेब तपासायचो आणि रविवारी परिचयपत्रं टाइप करायचो. उंची, वर्ण, गोत्र, शिक्षण, आणि सगळ्यात शेवटी मध्याची खास ओळ : 'नजर उत्तम. डॉ. खेडीकर.' नागपूर, अमरावती, गोंदियाची माणसं ती ओळ पाहून निर्धास्त व्हायची. दुसऱ्या कुठल्या गावच्या मुलीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरची हमी येत नसे. आमच्या मुलींची लग्नं पटापट जमत, आणि श्रेय मध्या घेई.

"मी डोळे नाही पाहत, घर पाहतो," असं तो म्हणायचा. लोक माना डोलवायचे. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे का पाहू नयेत, असं कोणी विचारलं नाही.

मोतीबिंदू तो चांगला काढायचा. एवढं वाक्य त्याच्या बाजूने लिहून ठेवतो, म्हणजे कोणी म्हणायला नको. मोतीबिंदू निघाला की पेशंटला दिसायला लागतं, आणि पट्टी सुटताच पहिलं दिसतं ते डॉक्टरचं तोंड. मध्याला हा आजार त्यासाठीच आवडायचा. ज्या आजारात शेवटी डॉक्टरचं तोंड दिसत नाही, त्या आजाराची ओळख दाखवायलाही तो तयार नसायचा.

ज्यांच्या डोळ्यांना कुठलाच नंबर लागू पडणार नव्हता, अशाही मुली त्याच्याकडे यायच्या. कोणाचा पडदा खराब, कोणाची नस सुकलेली. त्यांना हाक मारायला त्याच्याजवळ नंबर नव्हता. त्यांना तो 'राणी' म्हणायचा. "ये राणी, बस राणी." ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी माया! मला या मायेचा अर्थ कुंदाच्या वेळी कळला.

कुंदा आमच्याच फॅक्टरीतल्या एका फोरमनची मुलगी. रातांधळी. दिवसा ठीक, पण दिवेलागणीला भिंत धरून चालायची. गोंदियाचे लोक तिला बघायला संध्याकाळी येणार होते. मध्याने त्यांना कळवलं की सकाळी अकराची वेळ शुभ आहे. आदल्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मी टीपॉय हलवला, पायपुसणं उचललं, खिडक्यांचे पडदे काढले. मध्या पाहुण्यांच्या जागी बसला आणि त्याने कुंदाकडून चहाचा ट्रे पुन्हा पुन्हा आणवून घेतला.

"खाली नको पाहू राणी. पाहुण्यांकडं पाहून हसत राहा. पाय आपोआप येतात."

पाय आले, हसूही आलं, लग्न झालं. पहिल्याच दिवाळीला कुंदा परत आली ती कोपरापर्यंत भाजलेले हात घेऊन. सासरी अंधाऱ्या पायरीवरून उकळत्या दुधाचं पातेलं घेऊन निघाली होती. सासरच्यांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. तिचा बाप मध्यासमोर येऊन नुसता उभा राहिला, तेव्हा मध्या म्हणाला, "मी डोळे पाहिले होते बावा. पायरी पाहायचं काम नवऱ्याचं होतं."

यावर कोणत्याही शहाण्या माणसाने त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. मी पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला परिचयपत्रं टाइप करायला हजर होतो.

रेवा माझी नात. तिचा बाप रेल्वेत, कधी इटारसी तर कधी बीना. घरी ती, तिची आई आणि मी असे तिघं. सहावी-सातवीत असताना ती उंबरठ्याला अडखळायची, दाराच्या कडेवर खांदा आपटायची. कोणी बाजूने वाटी पुढे केली तर तिला ती दिसायचीच नाही. पण पेपरातला बारीक टाइप घडाघडा वाचायची. म्हणून डोळ्यांवर कोणाचा संशय गेला नाही. आम्ही तिला धांदरट म्हणायचो. शेवटी एकदा मी तिला मध्याकडे नेलं. त्याने औषध घालून डोळ्यांत बराच वेळ पाहिलं, बॅटरी विझवली आणि तिचा गालगुच्चा घेतला.

"काही नाही. राणी आहे आमची. थोडा नंबर आहे, चष्मा देऊन देतो." मग माझ्याकडे वळून, "काय शरद्या, समजलं न?"

मला समजलं होतं. राणी म्हणजे काय हे कुंदानंतर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी "हो" म्हणालो. खाली उतरून रेवाला तिच्या आवडीची गुलाबी दांडी घेऊन दिली आणि घरी येऊन सुनेला सांगितलं, थोडा नंबर आहे. दर वर्षी नवी फ्रेम यायची. काचांत काही नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. मी का बोललो नाही, असं आज मला विचारणारे विचारतात. ती बारा वर्षांची होती आणि मी मनातल्या मनात तिचं परिचयपत्र टाइप करायला लागलो होतो. याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

रेवाने बी.एससी.ला गणित घेतलं. घरी सोडवलेलं प्रत्येक गणित बरोबर आणि परीक्षेत मात्र काठावर पास. दुसऱ्या वर्षाच्या सहामाहीत एक विषय गेला. तेव्हा तिच्या तिवारी मॅडमनी मला कॉलेजात बोलावून घेतलं.

"दादाजी, ये लड़की गणित में मेरे कान काटती है," मॅडम म्हणाल्या, "और पेपर आधा छोड़ के आती है। मैंने पीछे खड़े होके देखा है। सवाल से नज़र हटाके कॉपी पे लाती है तो जगह खो जाती है। फिर ढूँढ़ती है। तीन घंटे ढूँढ़ने में ही निकल जाते हैं। इसकी आँखें दिखाइए।"

"दिखाई हैं। चश्मा है न।"

"चश्मे से नहीं हो रहा, दादाजी।"

सरकारी दाखला असेल तर परीक्षेत तिला एक तास जास्तीचा मिळेल, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मिळेल, टेबलावर वेगळा दिवा मिळेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यासाठी चाळीस टक्के तरी दृष्टिदोष दाखल्यावर हवा. "मेरे मानने से क्या होता है? यूनिवर्सिटी काग़ज़ माँगती है।" कागदाशिवाय वार्षिक परीक्षेला बसली तर रेवा नापास होणार, हे मॅडमना दिसत होतं आणि रेवालाही. पुढे एम.एससी. करायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. ते सगळं या एका कागदाला टांगलं होतं.

मी तिला घेऊन मध्याकडे गेलो. दुसऱ्या कुणाकडे जावं हे सुचलंसुद्धा नाही. गुलामाला दार उघडं मिळालं तरी तो मालकालाच विचारायला जातो, तसं.

"दाखला? काहून?" मध्याने विचारलं.

"परीक्षेत जास्त वेळ मिळतो, डॉक्टर आजोबा," रेवा म्हणाली.

"वेळ घेऊन काय करशील राणी? भराभर लिहायचं." मग त्याने मोर्चा माझ्याकडे वळवला. "शरद्या, बुढ्ढा झाला तू, पण अक्कल नाही आली. अपंगाचा दाखला काढून राहिला पोरीचा? तोंडची बात हवेत जाते, कागदाची बात सासरी जाते. आणि एका पोरीचा कागद म्हणजे अख्ख्या घराचा कागद. उद्या तिच्या चुलतभावाला पोरगी कोण देईल?"

"पर मुझे पेपर देना है," रेवा म्हणाली. "लग्न नाही करायचं आहे आत्ता."

"पेपर तीन तासांचा असतो राणी, लग्न जन्माचं."

स्वतःच्या वाक्यावर तो एवढा खूश झाला की ते त्याने बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकवलं. मग एकदम त्याचा सूर मऊ झाला. "चलो, तुमचं एवढंच म्हणणं असेल तर मीच येतो सोबत. तिथं सगळे माझे चेले आहेत." मला वाटलं, विरघळला. इतक्या वर्षांत मी त्याला कशासाठीही विरघळताना पाहिलं नव्हतं, तरी मला तसं वाटलं.

सरकारी इस्पितळात खरोखरच चेले होते. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने उठून त्याच्या पायांना हात लावला आणि स्वतःची खुर्ची दिली. मध्या बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "अपनी ही बच्ची है। चार्ट पढ़वा लो, बस। फील्ड-वील्ड की मशीन में बच्ची को काहे थकाना?"

रेवाचा आजार काय होता, ते इथे सांगून टाकतो. तिला मधोमध स्वच्छ दिसायचं आणि सभोवती काहीच नाही. नळीतून पाहावं तसं. अशा माणसाला तक्ता वाचता येतो. आजूबाजूचं किती दिसतं हे मोजणारं यंत्र असतं, त्यावर बसवलं तरच रोग पकडला जातो. मध्याला हे ठाऊक होतं. त्या तरुण डॉक्टरलाही ठाऊक असणार, पण त्याचे हात नुकतेच गुरूच्या पायांना लागून आले होते.

रेवा तक्त्यासमोर उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत न चुकता वाचत गेली. लहानपणापासून डॉक्टर आजोबांसमोर असंच वाचायची तिला सवय होती. शेवटची बारीक ओळ तिने वाचली तेव्हा मी अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. आम्ही तिच्या न दिसण्याचा दाखला मागायला आलो होतो, आणि मी, तिचा आजा, तिच्या दिसण्यावर छाती फुगवून उभा होतो. इतकी वर्षं मुली 'दाखवण्याचं' काम केलेल्या माणसालाच अशी चूक करता येते.

दाखल्यावर तीस टक्के आले. अगदीच काही नाही असं लिहिलं असतं तर आम्ही भांडलो असतो. तीस म्हणजे भांडताही येऊ नये आणि उपयोगही होऊ नये.

"चलो, सदर बाजारात जाऊ," बाहेर पडताच मध्या म्हणाला. "खव्याची जिलेबी. माझ्याकडून." खाताना तो भलताच रंगात आला होता. "तीस टक्के! तुझं मन राहिलं, पोरीचं घर राहिलं. आपण आपल्यातच राहिलो." रेवा बशीतला तुकडा चमच्याने फिरवत बसली होती. तीस आणि चाळीस यांतला फरक तिला गणिताशिवायही कळत होता.

निघालो तेव्हा दिवस कलला होता आणि दुकानाबाहेरचे दिवे अजून लागायचे होते. दाराबाहेर दोन पायऱ्या. रेवा थेट हवेत पाऊल टाकून खाली गेली. हनुवटी फुटली, ओढणीवर रक्त आलं. कुणा फौजीची बायको भाजीची पिशवी टाकून धावली. तिने रेवाला सावरलं आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "अरे, बच्ची को दिखता नहीं है क्या?"

"चप्पल सटक गई, बस," मध्या मोठ्याने म्हणाला. मग रेवाच्या कानाशी वाकून हळू आवाजात, "उठ राणी. लोक पाहून राहिले."

रक्त पुसायला त्याने रुमाल दिला नाही. तो बाईने दिला. डॉक्टर होता हो तो, डोळ्यांचा का होईना.

घरी आल्यावर रेवा हनुवटीवर बर्फ धरून बसली. सून आत स्वयंपाक करत होती. रेवाने माझ्याकडे न पाहता विचारलं, "आबा, डॉक्टर आजोबांना पता था क्या?"

"हो."

"कधीपासून?"

"तू बारा वर्षांची होती तेव्हापासून."

"और तुम्हाला?"

टाळायला जागा उरली नव्हती. "मलाही. तेव्हापासूनच."

मला वाटलं, ती रडेल, ओरडेल. तिने बर्फ बशीत ठेवला. मग म्हणाली, "मतलब मी धांदरट नव्हते. इतने साल मुझे लगा, बाकी सगळे लक्ष देऊन बघतात, मैं ही ध्यान नहीं देती। मी रोज ठरवायचे आबा, आज नीट बघायचं."

सुनेने आतून सगळं ऐकलं होतं. गॅस बंद करून ती दारात आली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तिला रोज सांगत होता, खाली बघून चाल." पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध ठेवायची, बोलायची नाही. बरोबरच होतं तिचं.

त्याच आठवड्यात मायलेकी नागपूरला गेल्या. तिथे रेवाला त्या यंत्रावर बसवलं. आजाराचं नाव कळलं, त्यावर औषध नाही हेही कळलं. यंत्रातून निघालेला कागद रेवाने मला आणून दाखवला. सगळीकडे काळं, आणि मधे एक उजळ ठिपका. "आबा, ये मैं हूँ," ती ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली. "मी इथून बघते." तिला काय वाईट वाटत होतं ते वाटत होतंच, पण त्या कागदाकडे ती सुटलेल्या गणिताकडे पाहावं तशी पाहत होती.

फेरतपासणीचा अर्ज गेल्याची बातमी मध्याला कोणीतरी पोहोचवली. तो आमच्या घरी आला, हातात परिचयपत्र घेऊन. मुलगा सागरचा, बँकेत. रेवा तिथेच बसली होती, पण ती जणू खोलीत नाही असा तो माझ्याशीच बोलत होता.

"लोक चांगले आहेत. त्यांना एवढंच सांगायचं नाही, बाकी मी पाहून घेतो. रविवारी सकाळी अकराला बोलावून घेऊ."

"आठला बोलवा न, डॉक्टर आजोबा," रेवा म्हणाली.

"सकाळी आठला? एवढ्या लवकर काहून?"

"रात्री. और बत्ती मत जलाना. पाहू द्या त्यांना मी कशी चालते ते."

मध्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुंदाच्या घरचा टीपॉय हलवणारा माणूस, मी काहीतरी सावरून घेईन, अशी त्याची खात्री होती. मी म्हणालो, "तुझा चहा निवून राहिला, मध्या. पी आणि जा."

त्याने चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. दोन चकल्याही संपवल्या. अपमान झाला म्हणून खाणं सोडणाऱ्यांतला तो नव्हता. दारात थांबून म्हणाला, "कपाळावर 'आंधळी' गोंदवून आण पोरीला. मग रडत माझ्याकडं येऊ नको."

"नाही येणार," मी म्हणालो. आमचं शेवटचं बोलणं ते. चाळीस वर्षांच्या मैत्रीच्या मानाने फारच थोडक्यात आटपलं, आणि मला त्याची चुटपुट लागली नाही.

फेरतपासणीला मी बरोबर गेलो. या वेळी एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रेवाला यंत्रावर बसवलं, नागपूरचा कागद पाहिला, जुना दाखला पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "ये तीस वाला किसने बनवाया?"

"हमारे घर के डॉक्टर ने," मी म्हणालो. "और मैंने। मुझे मालूम था।"

त्या रागावतील असं वाटलं होतं, किंबहुना त्यांनी रागवावं अशी इच्छा होती. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहायला लागल्या. माझ्यावर खर्ची घालावा एवढाही राग त्यांच्याकडे नव्हता. नवा दाखला आला, चाळीसच्या बराच वर. रेवाने तो कॉलेजात दिला. तिवारी मॅडमनी त्याच्या दोन प्रती काढून स्वतःच्या कपाटात ठेवल्या. सरकारी कारभारावर त्यांचा भरवसा बेताचाच होता.

मंडळात मात्र सगळं सगळ्यांना कळलं. मध्याने सांगितलं ते असं : शरदने चार सवलतींसाठी नातीला आंधळी ठरवली. लोकांनी विश्वास ठेवला. ठेवणारच, त्यांचे नंबर त्याला पाठ होते. देवळात एक बाई माझ्या सुनेला म्हणाल्या, "अच्छा, थोडा धीर धरला असता तर एखादं स्थळ आलं असतं न!" सून म्हणाली, "आलं होतं. सागरचं. अंधारात यायला तयार नव्हतं."

मध्या गेला तो वार्षिक परीक्षेच्या पहिल्याच दिवशी, पहाटे, झोपेत. कोणालाही त्रास न देता गेला, असं आता सगळे म्हणतात. मला सकाळी कळलं तेव्हा मी रेवाला घेऊन कॉलेजकडे निघालो होतो. तिला आत सोडलं, फाटकासमोरच्या बाकावर बसलो, आणि दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष वयाने लहान, मला काका म्हणतात.

"काका, कुठं आहात? ग्वारीघाटाला न्यायचं आहे. तुमच्यासाठी थांबलो आहोत. खांदा तुमचा पाहिजे, आणि घाटावर दोन शब्दही तुम्हीच बोला."

"मला जमणार नाही. पेपर चालू आहे."

"कोणाचा पेपर, काका?"

"रेवाचा."

पलीकडे कोणाशी तरी कुजबुज झाली. "पण तो तर आता सुटत असेल न? आम्ही थोडं थांबतो."

"नका थांबू," मी म्हणालो. "बाकीच्यांचा सुटेल. तिचा एक तास पुढे आहे. घेऊन जा तुम्ही त्याला."

फोन ठेवला. घंटा झाली. पोरं बाहेर आली, फाटकाशी घोळका करून उत्तरं ताडून पाहू लागली. कोणी कपाळ बडवत होतं, कोणी हसत होतं. मग स्कूटर सुरू झाल्या, ऑटो भरले, रस्ता मोकळा झाला. चण्याफुटाण्याची गाडी निघून गेली. पहारेकऱ्याने फाटकाचं एक दार लोटलं, दुसरं लोटायला आला आणि बाकावरच्या म्हाताऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं.

"दादाजी, सब तो छूट गए। आप किसके लिए बैठे हो?"

"पोती अंदर है मेरी।"

"अभी तक लिख रही है?"

"हाँ," मी म्हणालो. "उसका टाइम बाकी है।"